घरी घंटा नव्हती

९ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील, तर एवढं पहिलं पान वाच आणि मग खुशाल फाड. दोनदा फोन लावला होता. माझं 'हॅलो' ऐकलंस आणि ठेवून दिलास. पत्राला आवाज नसतो, म्हणून पत्र. पत्ता कामावरच्या पॅकिंगमधल्या उंच बाईनं दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिचं डोकं खाऊन घेतलाय.

मला मुलगा झालाय. साडेसहा महिन्यांचा आहे. आम्ही त्याला गोटू म्हणतो.

तुला एकच विचारायचं होतं. तुझ्या मुंगीनं मान कितव्या महिन्यात धरली? मला आठवतं ते असं, की तू तिला खांद्यावर घेतलंस की ती मान वर करून मागं माझ्याकडे बघायची, आणि तेव्हा ती तीनच महिन्यांची होती. पण नक्की सांगता येत नाही. हे तुलाच विचारायची मला लाज वाटायला हवी. वाटतेय. पण दुसरं कुणाला विचारू? आईला हल्ली धड आठवत नाही. कालचं आठवत नाही, सहा वर्षांपूर्वीचं कुठून आठवणार.

गोटूची मान अजून लटपटते. पालथा पडत नाही. हात टेकून उठायचं तर नावच नाही. उताणा पडून पंख्याकडे बघतो आणि हसतो. डोकं मागून सपाट झालंय. शेजारच्या काकू म्हणतात, "याला भिंतीला टेकवून ठेव गं, कपाटासारखा नीट बसेल, हलायचा नाही." त्या गंमत करतात. मी पण हसते. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडते.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, "जागा असताना रोज थोडा वेळ पालथा घालता ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलले. मी त्याला एकदाही पालथा घातलेला नाही. एकदाही नाही, ताई. दोन्ही अंगांना टॉवेलच्या गुंडाळ्या लावून ठेवते, चुकून कुशीवर वळायला नको म्हणून. ह्यांना वाटतं गादीवरून पडू नये म्हणून ठेवते.

मी अजून तिथंच आहे, अंड्यांच्या उबवणी केंद्रात. सकाळची पाळी. मशीनं तीच, वासही तोच. घंटीमामा अजून आहेत, कान गेलेत पण घंटा बरोबर तासाला वाजवतात.

मान कधी धरली तेवढं कळव. कार्डावर आकडा लिहिलास तरी चालेल.

बारकी

२ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे घेतलंस. मी त्यावरच खूश आहे.

मागच्या पत्रात मी आईचं उडवून लावलं. तिचं नीट सांगते. तुला ऐकायचं नसेल, तिचं नाव काढलेलं तुला चालत नाही हे मला माहीत आहे. तरी सांगते.

ती आमच्याकडेच असते. लोकांकडे धुण्याभांड्याला जाणं केव्हाच सुटलं. गॅस लावते आणि काडी हातात धरून उभी राहते, कशाला लावला ते सुचत नाही. मला कधी कधी तुझ्या नावानं हाक मारते आणि मी 'ओ' देते. दात घासलेत का हे दिवसातून चारदा विचारते. पण एक गोष्ट ती कधी विसरत नाही. ती गोटूला हात लावत नाही.

तो झाला तेव्हा ह्यांनी कौतुकानं तिच्याजवळ नेला. तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले. "नको," म्हणाली. "माझ्या हातांचं काही सांगता येत नाही." तेव्हापासून तो खोलीत असला की ती हातांवर बसते. थंडीत बसावं तशी. तो रडला की तोंडानं 'अले अले' करते, मान हलवते, पुढं होते, पण हात बाहेर काढत नाही. हे म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलंय.

तू जाताना तिला काय म्हणाली होतीस ते आठवतं? "तुझे हात मला परत दिसायला नकोत." तिनं ते पाळलंय. तुला तर नाहीच, माझ्या पोरालाही दिसू देत नाही.

काल दवाखान्यात गेले होते. नर्सबाई म्हणाल्या, आण बघू. टेबलावर जाड कापड घातलं आणि मला कळायच्या आत त्यांनी गोटूला उचलून पालथा ठेवला. त्याचं नाक कापडाला लागलं. ताई, मी अशी ओरडले की बाहेर रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या हातातून पोर ओढून घेतलं. त्यांच्या हाताला माझं नख लागलं, रक्त आलं.

मला वाटलं, आता झापतील. त्यांनी दार लावलं, खुर्ची ओढली. हळूच विचारलं, "कुणाचं गेलं?"

मी म्हटलं, "बहिणीचं."

"कशानं?"

मी म्हटलं, "पालथी झोपली होती."

"तुझ्यासमोर?"

मी म्हटलं, मी घरी नव्हते.

बघ. सहा वर्षं झाली, तरी तोंडातून तेच आलं.

बारकी

५ मार्च

ताई,

तीनच दिवसांपूर्वी लिहिलं आणि आज परत लिहितेय. काल जे ऐकलं त्यानंतर मला थांबता येत नाही.

पाळी संपवून घरी आले. काकू आईजवळ बसल्या होत्या. आई त्यांना सांगत होती, "मी त्या दिवशी लवकर आले. बाईंचे पाहुणे गेले होते ना, काम नव्हतं. पोरगी किरकिर करत होती. मीच तिला पालथी घातली. पाठीवर थोपटलं. निळी चादर होती." काकू मान डोलावत होत्या.

ताई, चादर निळी नव्हती. पाहुणे नव्हते. आणि आई त्या दिवशी लवकर आली नव्हती.

आता मी लिहिते ते एका दमात वाच. मी पण एका दमात लिहिते, नाहीतर परत पेन खाली ठेवीन.

मुंगीला आईनं पालथी घातली नाही. मी घातली.

आई पावणेसहाला आली, रोजच्यासारखी. तिनं दारातून बघितलं. मुंगीला उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. मग माझ्याकडे बघितलं. मी सतरा वर्षांची होते. तू यायच्या आधी, कुणालाही बोलवायच्या आधी, आईनं माझे खांदे धरून सांगितलं, "तू नव्हतीस. तू बाहेर कपडे धूत होतीस. मी लवकर आले. मी घातलं. काही बोलायचं नाहीस." आणि लगेच सगळ्यांना पटलं. आई नेहमी तेच म्हणायची ना, "आम्ही सगळी पालथीच झोपलो, मेलो का?" त्यावरून तुझी नि तिची रोज वादावादी. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. तुला तर एका क्षणात पटलं. तू तिला विचारलंही नाहीस.

मी तिथंच होते. दाराला धरून. मी एक शब्द बोलले नाही.

का घातली ते सांगते. तूच मला कामाला लावलं होतंस, तुझ्याच मशीनवर. तिसराच आठवडा होता. सुपरवायझरनं पहिल्या दिवशी शिकवलं होतं, घंटा झाली की दांडा ओढायचा, सगळे ट्रे एका अंगाला कलतात. पुढच्या घंटेला दुसऱ्या अंगाला. "अंडं एकाच अंगावर पडून राहिलं की पिल्लू आत चिकटतं. मग कवच फोडायची ताकद नसते त्याला." त्यानं मला एक फोडून दाखवलं होतं. आतलं पिल्लू पूर्ण झालेलं, पिसं आलेली, आणि एका बाजूनं चिकटलेलं. ते माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

आणि मुंगी तर दिवसभर पाठीवरच. तुला नर्सनं सांगितलं होतं, ते तू मला सांगायचीस. तिचं डोकं पण मागून थोडं चपटं व्हायला लागलं होतं. मला वाटलं, हिला कुणीच फिरवत नाही. मी मोठी शहाणी. तीन आठवड्यांत सगळं शिकले होते. मी तिला फिरवली.

आणि परत फिरवायला विसरले.

आईचं डोकं आता पुसत चाललंय. आधी खरं पुसलं गेलंय. आमच्या दोघींत जे होतं, मी आणि ती, ते आता मी एकटीच जाणते. ती मरेल तेव्हा तिनंच मारलं असं समजून मरेल. म्हणून लिहिलं. मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तेवढी अक्कल आहे मला.

तुझी
(काय लिहू कळत नाही)

२१ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी अक्षर बघूनच ओळखलं. दोनच शब्द लिहिलेत. 'किती वेळ?'

मी आठ दिवस ते कार्ड पिठाच्या डब्यामागे ठेवलं. मागच्या पत्रात मी लिहिलं की विसरले. तू त्याला फसली नाहीस. तू माझी ताई आहेस, मी लहानपणी कप फोडला तरी तू हाच प्रश्न विचारायचीस, कधी फुटला म्हणून. कुणी फोडला ते तुला माहीतच असायचं.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी तिला पालथी घातली. आई पावणेसहाला आली. मध्ये मी बघितलं नाही. दोन तास पस्तीस मिनिटं.

मी विसरले नव्हते. मी झोपले होते.

दोन वाजता तू तिला गेटवर माझ्या हातात दिलीस. तुझी पाळी सुरू, माझी सुटलेली. तू नेहमी जे म्हणायचीस तेच म्हणालीस, "उताणी हं." आणि मी रोजच्यासारखी म्हणाले, "हो गं बाई, तू अंड्यांना पण एवढं जपत नाहीस." तू हसलीस. टोपी घातली आणि आत गेलीस. ते तुझं शेवटचं हसणं मी बघितलेलं.

मी पहाटे चारला उठलेली. पाय भरून आले होते. घरी आणलं, दूध पाजलं, उताणी ठेवली. ती दर पाच मिनिटांनी हात झटकायची आणि दचकून उठायची. तू म्हणायचीस ना, पडल्यासारखी करते. माझा डोळा लागेना. मग मी तिला फिरवली. अंड्यांचं मी तुला लिहिलं ते खरं आहे, मला तसं वाटत होतं, शपथ. पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं, की पालथी घातली की ती गपकन झोपायची. मला हे माहीत होतं, कारण आदल्या दिवशीही मी तसंच केलं होतं. आदल्या दिवशी ती तासभर झोपली आणि मी पण झोपले आणि काही झालं नाही. तू आलीस तेव्हा म्हणालीससुद्धा, "आज छान झोपलेली दिसते. बारकीच्या हाताला गुण आहे." मी गप्प बसले. मला बरं वाटलं होतं.

मी ठरवलं होतं, तासाभरानं फिरवायची. कामावर तासाला घंटा होते, डोळा लागला तरी हात आपोआप दांड्याकडे जातो. घरी घंटा नव्हती.

आणि गादी. तू तिच्यासाठी जमिनीवर सतरंजी आणि चादर घालायचीस, कडक. मला वाटलं, बिचारीला टोचत असेल. मी तिला आईच्या कापसाच्या गादीवर घातली, मऊ, माझ्याशेजारी. पांढरी चादर होती. तिचं तोंड आत गेलं होतं.

ती रडली का, तू विचारशील. मला माहीत नाही. मला ऐकू आलं नाही. मी रोज ऐकायचा प्रयत्न करते. सहा वर्षं मी त्या खोलीत परत जाऊन कान देऊन ऐकते. काही ऐकू येत नाही.

आता सगळं सांगितलं. याच्या मागं आणखी काही लपवलेलं नाही.

बारकी

८ एप्रिल

ताई,

तुझं काही आलं नाही. यायला हवं असं मी म्हणत नाही. इथं काय झालं ते फक्त सांगते.

ह्यांना सांगितलं. ते जेवत होते. हातातला घास तसाच राहिला. मग ताट बाजूला सारून बाहेर गेले, अंगणात स्कूटर पुसत बसले. तासभर पुसली. धुतलेलीच होती. आत आले आणि म्हणाले, "म्हणून टॉवेल?" मी हो म्हटलं. त्यांनी गोटूच्या दोन्ही अंगांचे टॉवेल उचलले, घडी घालून कपाटात ठेवले. अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतात. पण सकाळी माझ्या पाळीच्या वेळी गोटूला तेच सांभाळतात, आणि आता तेही त्याला तासातासाला बघतात. मला दिसतं. माझी भीती त्यांना लागली.

नर्सबाईंकडे परत गेले. त्यांच्या हातावर माझ्या नखाची खूण अजून होती. मी म्हटलं, त्या दिवशी खोटं बोलले, मी घरी होते. त्यांनी मान हलवली, जसं काही माहीत होतं. मी विचारलं, "माझ्यामुळंच झालं ना? खरं सांगा." मला वाटलं, बाई आहे, धीर देईल, नाही म्हणेल.

त्या म्हणाल्या, "उताणं झोपायची सवय असलेल्या बाळाला एकदम पालथं झोपवलं की धोका जास्त असतो. मऊ गादीवर आणखी. म्हणून आम्ही घसा कोरडा करून सांगतो. पण तिचं नेमकं कशानं गेलं ते मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. असं कुणाकुणाचं उताणं झोपूनही जातं. तू नसतं घातलंस तर वाचलीच असती हे मला म्हणता येत नाही, आणि तुझा काही हात नव्हता असंही मी म्हणणार नाही."

मी तुला जशाच्या तशा सांगितल्या त्यांच्या गोष्टी. त्यात माझ्या सोयीचं काही मी उचललेलं नाही.

मग त्या गोटूचं बोलल्या. म्हणाल्या, "तू एकीच्या बाबतीतली चूक दुसऱ्यावर फेडतेस. झोपताना उताणा, ते बरोबर, ते सोडू नकोस. कडक गादी, उशी नको, जाड पांघरूण नको. पण जागा असताना त्याला पालथं पडायला मिळालं नाही तर मान, खांदे, हात, कशातच जोर येणार नाही. रांगणार कसा? जागा असताना, तू समोर बसून. पाच मिनिटं. दिवसातून चार-पाचदा." मी म्हटलं, माझे हातच वळत नाहीत. त्या म्हणाल्या, "मग जमिनीवर नको. तू उताणी पड आणि त्याला तुझ्या छातीवर घाल. त्याचं तोंड तुझ्या तोंडासमोर. श्वास तुला ऐकू येईल."

रविवारी केलं. हे घरात होते. मी जमिनीवर पडले. ह्यांनी त्याला माझ्या अंगावर ठेवला. माझं काळीज इतकं धडधडत होतं की तो त्याच्यावर हलत होता. आधी त्यानं नाक माझ्या गळ्यात घातलं आणि कुरकुरला. मी म्हटलं, घ्या, घ्या त्याला. हे म्हणाले, थांब जरा. आणि ताई, त्यानं डोकं वर केलं. इतकंसं. थरथरत होतं. माझ्या हनुवटीवर लाळ गळली त्याची. मला बघून तो हसला आणि हसण्यानं दमून डोकं परत टेकलं. हे म्हणाले, "तीन सेकंद." घड्याळ लावून बसले होते, शहाणे.

आज अकरा सेकंद झाली. नर्सबाई म्हणतात, उशीर झालाय पण भरून येईल, नेटानं करायला हवं. डोक्याचा आकारही सुधारेल, अगदी गोल होईल असं नाही.

आईचं राहिलं.

मी तिच्यापुढं बसले. तिचे हात मांडीखालून ओढून बाहेर काढले, माझ्या हातात धरले. म्हटलं, "आई, मुंगीला मी पालथी घातली होती. तू नाही. मी ताईला लिहिलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आठवलं. मग एकदम रागावली, पूर्वी रागवायची तशी. "गप्प बस. तू बाहेर कपडे धूत होतीस."

"नव्हते गं आई. मी झोपले होते."

"कपडे धूत होतीस. मी लवकर आले. चादर निळी होती." आणि हात सोडवून घेऊन परत खाली घातले. माझ्या हातात जोर होता तरी सोडवले.

दोन दिवसांनी परत सांगितलं. परत तेच. चारदा झालं. ताई, तिनं माझ्यासाठी इतकं घट्ट दार लावून घेतलंय की आता मलाच उघडत नाही. माझ्याकडून ते निघणार नाही. तिनं ते तुझ्यासमोर लावलं होतं, तुझ्याच तोंडून ऐकलं तर निघेल. निघेल की नाही तेही माहीत नाही. पण मला तुला एकदाच एवढं सांगायचं होतं. माझ्यासाठी काही मागत नाही. तू ये आणि तिचे हात धर.

बारकी

गुरुवार, १८ एप्रिल, दुपारी सव्वाबारा

ताई,

हे टेबलावर ठेवून जातेय, पाण्याच्या तांब्याखाली.

तुझं दुसरं कार्ड मिळालं. 'गुरुवारी दीडच्या बसनं येते. आईला भेटायला. तू समोर नको.' मी आज मुद्दाम दुसरी पाळी मागून घेतली, दोन ते दहा. मी जाईन, मग तू येशील. काळजी करू नकोस, मी मध्येच काही विसरले म्हणून परत येणार नाही. तुझी परतीची बस नऊची आहे, मी विचारून ठेवलंय. हे सहाला येतील. ते तुला काही विचारणार नाहीत.

आईला सकाळी न्हाऊ घातलंय. केस विंचरलेत. तुझं नाव सांगितलं तर म्हणाली, "ती कामावर गेलीय." म्हणजे अजून तिच्या मनात तू कामावरच आहेस, दोनच्या पाळीला गेलेली, यायची बाकी आहेस. तिनं दात घासलेत. विचारेल, तरी हो म्हण. निळ्या चादरीचं बोलली तर तू सांग, चादर पांढरी होती.

गोटू घरीच आहे.

काकू त्याच्याजवळ आहेत. त्यांना सांगून ठेवलंय, तू दारात आलीस आणि नको म्हणालीस, नुसती मान हलवलीस तरी त्यांनी त्याला उचलून स्वतःच्या घरी न्यायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. त्यांना एक शब्द न बोलणं अवघड जाईल, पण त्यांनी कबूल केलंय. आणि तुला चालणार असेल तर त्या जातील आणि तो तुझ्याजवळ राहील. मी हे करतेय ते तुला काही दाखवायला करत नाही. मला एवढंच कळतं की तू मला विश्वासानं तुझी मुलगी रोज दोन वाजता दिलीस. माझ्याकडे तुला द्यायला दुसरं काही नाही.

त्याचं दूध झालंय. तीनला परत लागेल, भांडं ओट्यावर झाकून ठेवलंय. जागा असला की चटईवर पालथा घाल, तू समोर बस. पाच-सात मिनिटं, मग तो चिडतो. चिडला की उचल. काल एकोणीस सेकंद डोकं वर धरलं. त्याच्यापुढं चमचा वाजवलास तर जास्त धरेल. तुला वाटलं तर आईला शेजारी बसव. तो वर बघतो तेव्हा समोर जो असेल त्याला हसतो, त्याला कुणाचंच काही माहीत नाही.

साडेतीन-चारच्या सुमाराला त्याला झोप येते. कान ओढायला लागला की समज. खोलीत गादी घातलीय, कडक आहे, मी हातानं दाबून बघितलीय. उशी नाही. पातळ चादर छातीपर्यंत. तो पण हात झटकतो आणि दचकतो, मुंगीसारखा. थोडं थांबलं की परत झोपतो. दर वेळी उचलायला लागत नाही. हे मला सहा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं, नुसतं थोडं थांबायचं.

मी मशीनवर असेन. चारची घंटा होईल, पाचची होईल. मी दांडा ओढीन आणि इथं तू त्याच्याकडे बघितलं असशील असं समजेन.

आता निघते. गेटवर मी आत जायची वेळ, आणि तू बाहेर. आपली जागा बदललीय एवढंच.

ताई, उताणा हं.